चिनी नववर्ष आपल्या अमावास्येला कसं? आणि शुभेच्छा नेमक्या काय द्यायच्या?

सोनचाफा
यंदा चिनी नववर्ष १७ फेब्रुवारीला आहे. कालनिर्णय उघडून पाहिलं तर त्या दिवशी माघ अमावास्या. गेल्या वर्षी, २०२५ ला, त्यांचं नववर्ष २९ जानेवारीला आलं होतं, म्हणजे प्रयागला मौनी अमावास्येचं स्नान होतं तोच दिवस. पण २०२४ चं काढून पाहिलं तर १० फेब्रुवारी, आणि त्या दिवशी आपली शुद्ध प्रतिपदा. मग त्यांचा महिना अमावास्येला सुरू होतो की प्रतिपदेला? आणि नववर्षाची तारीख नेहमी जानेवारी-फेब्रुवारीतच कशी घुटमळते? आपला पाडवा मार्च-एप्रिल सोडत नाही, तसंच काही गणित आहे का?

दुसरा प्रश्न जास्त निकडीचा. मी पुण्यात नोकरी करते. आमच्या कामाच्या जोडीदार टीम चीनमधल्या सुचौला, हाँगकाँगला आणि व्हिएतनामच्या हनोईला आहेत. दरवर्षी तिघांना मिळून एकच 'हॅपी चायनीज न्यू इयर' जातं, वर एक ड्रॅगन. मेल लिहायचं काम यंदा माझ्याकडे आलंय आणि मला ते मनापासून करायचंय. हनोईच्या टीममधल्या मुलीने दिवाळीत आम्हाला 'शुभ दीपावली' देवनागरीत लिहून पाठवलं होतं, ऱ्हस्व-दीर्घासकट! तेव्हा निदान एकेक ओळ तरी त्यांच्या भाषेत हवी. तिघांना तीन वेगळ्या लागतील का? कोणाला काय लिहू नये? तिकडे राहणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पेठकर_काका
छान धागा. आपलं लक्ष्मीपूजनही अमावास्येलाच असतं, तेव्हा अमावास्या अशुभ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं. बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत.

गणिती_किडा
सोनचाफा, तुमची दोन्ही निरीक्षणं बरोबर आहेत आणि त्यांत विरोध नाही.

आपण सूर्योदयाला जी तिथी असेल ती दिवसभराची धरतो. चिनी पद्धतीत सूर्योदयाला काही स्थान नाही. चंद्र-सूर्याची युती होते, म्हणजे अमावास्या संपून प्रतिपदा लागते, तो क्षण चीनच्या प्रमाणवेळेनुसार ज्या तारखेला पडेल ती अख्खी तारीख महिन्याचा पहिला दिवस. यंदा ही युती आपल्या घड्याळात १७ ला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आहे, तिकडे तेव्हा रात्रीचे आठ. म्हणून त्यांचा १७ तारखेचा दिवस पहाटेपासूनच 'पहिला', आणि आपली त्या दिवशी सूर्योदयाला अमावास्या. २०२४ ला युती आपल्याकडे १० तारखेच्या पहाटे साडेचारला झाली. सूर्य उगवेपर्यंत प्रतिपदा लागली होती, त्यामुळे दोन्हीकडे पहिलाच दिवस आला. (यंदाच्या १७ ला कंकणाकृती सूर्यग्रहणही आहे. ते अंटार्क्टिकावरून दिसेल, आपल्याकडून नाही.)

आता तारीख का घुटमळते ते. चिनी पंचांग चांद्र-सौर आहे, आपल्यासारखंच. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे १५-१५ अंशांचे २४ टप्पे त्यांनी पाडलेत, त्यांना 'ज्ये-छी' म्हणतात. त्यातले एकाआड एक असे बारा मुख्य. हे बारा म्हणजे आपल्या भाषेत सायन (अयनबिंदूंना, म्हणजे ऋतूंना बांधलेल्या) संक्रांती. मूळ नियम असा की २१-२२ डिसेंबरचा हिवाळी अयनदिन ज्या चांद्रमासात येईल तो अकरावा महिना. त्याच्या पुढचा बारावा आणि त्याच्या पुढचा नव्या वर्षाचा पहिला. म्हणजे अयनदिनानंतरची दुसरी युती हे नववर्ष, मध्ये अधिक महिना आला तर तिसरी. म्हणून तारीख साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या पट्ट्यात फिरते.

आपल्या परिभाषेत दोन्ही वर्षारंभ एका वाक्यात बसतात. सूर्य सायन मीनेत शिरतो तो त्यांचा पहिला महिना, आणि सूर्य निरयन (ताऱ्यांना बांधलेल्या) मेषेत शिरतो तो आपला चैत्र. त्यांचं नववर्ष आणि पाडवा यांत बहुतेक वर्षी दोन चांद्रमासांचं अंतर असतं. २०२३, २०२४, २०२५ तिन्ही वर्षी दोन होतं. यंदा मात्र एकाच महिन्याचं आहे, १७ फेब्रुवारी आणि १९ मार्च.

हेटकरी
गणिती_किडा, प्रतिसाद वाचनखुणेत टाकला. पण यंदा एकच महिना का? मधला महिना कुठे गेला?

तिरफळ
कोणीतरी अधिक व्याजाने उचलला असणार 😄

गणिती_किडा
तिरफळ, 'अधिक' हा शब्द तुम्ही बरोबर पकडलात!

त्यांनी त्यांचा अधिक महिना गेल्या वर्षीच घेऊन टाकला. २५ जुलै ते २२ ऑगस्ट २०२५ हा त्यांचा दुसरा सहावा महिना होता. आपला अधिक ज्येष्ठ अजून यायचाय, १७ मेपासून. त्यामुळे या घडीला ते एका महिन्याने पुढे सरकून आपल्या जवळ आलेत. आपला अधिक मास झाला की अंतर पुन्हा दोनचं होईल.

नियम दोघांचा एकच आहे: ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक. १९ वर्षांत ७. फरक एवढाच की त्यांच्या संक्रांती सायन आहेत, अयनबिंदूंना बांधलेल्या, आणि आपल्या निरयन, ताऱ्यांना बांधलेल्या. दोन्हींत आज २४ अंशांचं अंतर आहे, म्हणजे जवळजवळ साडेतीन आठवड्यांचं. खुणाच वेगळ्या ठिकाणी रोवल्यावर रिकामा महिनाही वेगळा सापडणार. २०२३ ला आपला अधिक श्रावण होता तेव्हा त्यांचा दुसरा महिना दोनदा झाला होता.

एक सांगायचं राहिलं. १६४५ पासून, म्हणजे छिंग राजवटीच्या आरंभापासून, ते सूर्याची सरासरी नव्हे तर खरी गती धरतात. ही सुधारणा आदाम शाल या जेझुइट पाद्र्याने केली. हिवाळ्यात सूर्य झपाट्याने सरकतो, त्यामुळे तिथे अधिक महिना क्वचितच सापडतो. २०३३ साली मात्र अकराव्या महिन्यानंतर अधिक येणार आहे. जुन्या छापील पंचांगांत तो सातव्यानंतर दाखवला होता, ती चूक १९९० च्या दशकात लक्षात आली. आता गणित नानजिंगची पर्पल माउंटन वेधशाळा करते आणि २०१७ पासून नियमांचं राष्ट्रीय मानकही आहे.

सिंगापूरची_मावशी
शुभेच्छांबद्दल मी लिहिते. लेकरं इथेच वाढली, त्यामुळे शेजारपाजारच्या चिनी आज्यांनी मला सगळं शिकवलंय.

सगळीकडे चालणारं, कोणालाही न खुपणारं वाक्य म्हणजे 'शिन निएन ख्वाय ल'. नववर्ष आनंदाचं जावो, बस. 'कुंग शी फा त्साय' हे भरभराटीचं, पैसा-अडका येवो असं. व्यापारी, दुकानदार, ऑफिसातले सहकारी यांना ते खुशाल म्हणावं. ज्यांच्या घरी वर्षभरात कोणी गेलंय त्यांना ते म्हणत नाहीत. वयस्क माणसांना मी 'शन थी चिएन खांग' म्हणते, तब्येत ठणठणीत राहो. आजींचा चेहरा त्याने जास्त खुलतो. यंदा घोड्याचं वर्ष, त्यामुळे 'मा ताओ छंग कुंग' जिकडेतिकडे दिसेल: घोडा पोचला की यश आलंच. कामाच्या मेलमध्ये ते फार शोभून दिसतं.

इथे भेटायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, दोन संत्री न्यायची. दोनच, जोडीने. दोन्ही हातांनी द्यायची, आणि निघताना घरचे लोक त्यांच्याकडची दोन तुमच्या हातात ठेवतात. संत्र्याचा उच्चार इथल्या दक्षिणी बोलींत सोन्यासारखा होतो, म्हणून. तसंच माशाचं. पूर्वसंध्येच्या जेवणात अख्खा मासा असतो आणि तो मुद्दाम थोडा शिल्लक ठेवतात, कारण 'मासा' आणि 'शिल्लक' यांचा उच्चार एकच. शेजारच्या घरी ऐन सणात एका नातवाने बशी फोडली. मला वाटलं, आता रट्टा बसणार. आजी पटकन म्हणाली, 'सुइ सुइ फिंग आन', आणि सगळे हसले. फुटण्याचा आणि वर्षाचा उच्चार सारखा, म्हणून 'वर्षानुवर्षं सुखरूप' असा आशीर्वाद देऊन अपशकुन तिथल्या तिथे मिटवला.

सहकाऱ्यांबरोबर 'लो हेइ' होतं. मोठ्या ताटात किसलेला मुळा, गाजर, वरून कच्चा मासा आणि कुरकुरीत तुकडे, आणि सगळ्यांनी उभं राहून लांब चॉपस्टिकने ते उंच उडवायचं. जेवढं उंच तेवढी भरभराट. टेबलाची दशा बघवत नाही, पण ओरडायला मजा येते. 'हुआऽऽत आऽऽ!' हे इथलं आणि मलेशियातलं खास, होक्किएन बोलीतलं. सुचौच्या लोकांना लिहू नका, ते तिकडचं नाही.

अंजन_कांचन
मावशी, लाल पाकिटात किती घालायचे? आमच्या सोसायटीत एक तैवानी कुटुंब आलंय, त्यांच्या मुलीला द्यायचंय.

सिंगापूरची_मावशी
अंजन_कांचन, रक्कम सम आकड्यात. आपण आहेरात वर एक रुपया घालतो, ५०१ करतो, ते इथे नेमकं उलटं. विषम रक्कम त्यांच्याकडे मयताच्या घरी देतात. चार टाळायचं, उच्चार 'मरणा'जवळ जातो. आठ उत्तम. नोटा कोऱ्या करकरीत. पाकीट लग्न झालेल्यांनी द्यायचं, लहानांना आणि बिनलग्नाच्यांना. मुलीने ते तुमच्यासमोर उघडलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, समोर उघडणं असभ्य समजतात.

काळी_दोन
हाँगकाँगला काही वर्षं काढलीत म्हणून भर घालतो. तिथे कँटोनीज. तेच शब्द, पण उच्चार 'कुंग हेय फात छॉय'. पाकिटाला 'लायसी'. इमारतीचा वॉचमन, झाडूवाली, रोजचा वेटर, सगळ्यांना लायसी द्यायची पद्धत आहे आणि ती मला फार आवडली. पोरं पुढचं वाक्य जोडून म्हणतात, 'कुंग हेय फात छॉय, लायसी दाउ लोय', म्हणजे शुभेच्छा घ्या आणि पाकीट काढा! सोनचाफा, हाँगकाँगच्या मेलमध्ये मँडरिन उच्चार लिहू नका. लिपी वापरणार असाल तर तीही वेगळी: हाँगकाँग-तैवानला जुनी पारंपरिक, सुचौला सोपी केलेली.

हनोईकर_बापट
हनोईच्या टीमसाठी एकच कळकळीची विनंती. 'चायनीज' शब्द काढा. त्यांचा सण 'तेत'. शुभेच्छा 'चुक मुंग नाम मोय'. हजार वर्षं चिनी सत्तेखाली काढलेल्या देशाला त्यांचाच सण दुसऱ्याच्या नावाने दिला की ते हसून 'थँक यू' म्हणतील, पण मनात राहील.

त्यांची राशीचक्रंही अगदी तीच नाहीत. सशाच्या जागी मांजर आहे, बैलाच्या जागी रेडा. २०२३ ला चीनमध्ये सशाचं वर्ष होतं तेव्हा हनोईच्या चौकाचौकांत मांजरांचे पुतळे होते. घोडा मात्र दोघांचा एकच, त्यामुळे यंदा चित्र चालेल.

आणि तारीखसुद्धा कधीकधी वेगळी येते! ते हनोईची वेळ धरतात, चीनच्या एक तास मागे. १९८५ ला तेत २१ जानेवारीला झाला आणि चिनी नववर्ष २० फेब्रुवारीला. अख्खा एक महिना फरक. किडासाहेब, हे कसं होतं ते तुम्हीच सांगा.

गणिती_किडा
बापट, हे माझं आवडतं उदाहरण. डिसेंबर १९८४ चा अयनदिन बीजिंगला २२ तारखेच्या मध्यरात्रीनंतर साधारण २३ मिनिटांनी झाला. हनोईत तेव्हा २१ तारखेचे रात्रीचे ११ वाजून २३ मिनिटं. नवा चांद्रमास दोन्हीकडे २२ ला सुरू झाला. म्हणजे चीनमध्ये अयनदिन नव्या महिन्यात पडला आणि तो महिना अकरावा ठरला. व्हिएतनाममध्ये अयनदिन आदल्याच दिवशी, जुन्या महिन्यात उरकला होता, म्हणून तोच नवा महिना त्यांचा बारावा झाला. एका तासाच्या फरकाने पुढचं सगळं महिनाभर सरकलं. चीनने अधिक महिना १९८४ मध्येच घेतला होता, व्हिएतनामने तो १९८५ मध्ये घेतला आणि पुन्हा जुळलं.

पेठकर_काका
हे वाचून टिळक पंचांग आठवलं. अयनांश, म्हणजे सायन-निरयनमधलं अंतर, वेगळे धरल्यामुळे काही वर्षी त्यांचा अधिक मास वेगळा येतो आणि त्या घरांतले गणपती महिनाभर आधी बसतात. आमच्या आत्याच्या सासरी, रत्नागिरीकडे, टिळक पंचांग पाळतात. त्यांचं विसर्जन होऊन गेलेलं असतं आणि आमचा मखर अजून माळ्यावर!

तळ्यात_मळ्यात
बापट म्हणतात त्यावरून: मग सगळ्यांना 'लूनर न्यू इयर' म्हणावं हे उत्तम नाही का? कोरियाचा सेओलाल आहे, तेत आहे, सगळे त्यात येतात. हल्ली कंपन्या तेच लिहितात.

गणिती_किडा
काटेकोर बोलायचं तर चांद्र म्हणणं चूक आहे. निव्वळ चांद्र पंचांग हिजरी. मोहरम सगळ्या ऋतूंतून फिरतो. हे सूर्याला बांधलेलं आहे, म्हणून तर फेब्रुवारी सुटत नाही.

काळी_दोन
शास्त्र ठीक, पण माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. माझ्या काही चिनी मित्रांना 'लूनर' म्हटलेलं खटकतं. हे पंचांग आमच्याकडून गेलं, मग आमचं नाव का पुसता, असं त्यांचं म्हणणं. एकच शब्द सगळ्यांना लावायचा हट्टच कशाला? सुचौला 'चुन ज्ये' म्हणजे वसंतोत्सव म्हणा, युनेस्कोने डिसेंबर २०२४ ला वारसा यादीत घेतला तो याच नावाने. हनोईला तेत म्हणा, सोलला सेओलाल. तीन मेल लिहायला दहा मिनिटं जास्त लागतात.

हनोईकर_बापट
+१. शंभर टक्के अनुमोदन.

सह्याद्रीचा_वारा
मुळात गलवाननंतर चिन्यांना कसल्या शुभेच्छा द्यायच्या? जवान सीमेवर उभे आहेत आणि आपण इथे उच्चार घोटतोय.

कालीघाट_ते_कल्याण
सह्याद्रीचा_वारा, जवानांबद्दल तुम्हाला जे वाटतं ते मलाही वाटतं. पण बाबांच्या बदलीमुळे माझं बालपण कोलकात्यात गेलं, म्हणून थोडं लिहितो. टांगऱ्याला आणि टिरेट्टा बाजारात जी चिनी घरं आहेत त्यांची मुळं अठराव्या शतकापर्यंत जातात. हुगळीकाठी बजबजजवळ अछीपूर आहे. तिथे टोंग अछ्यू नावाच्या माणसाने वॉरन हेस्टिंग्जच्या काळात साखर कारखाना काढला. त्याची घोड्याच्या नालेसारखी लाल रंगवलेली समाधी आहे, आणि आजही कोलकात्याचे चिनी लोक नववर्षात तिथे उदबत्त्या, फळं, भाजलेलं मांस घेऊन जातात.

१९६२ च्या युद्धानंतर याच समाजातल्या सुमारे ३००० माणसांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या पोरांपर्यंत, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यात अस्खलित बांगला, हिंदी, नेपाळी बोलणारी माणसं होती. काहींची सुटका व्हायला वर्षं लागली, परत आल्यावर दुकान नाही, घर नाही. सरकारचं भांडण सरकारशी. सणाच्या शुभेच्छा माणसाला द्यायच्या असतात.

सह्याद्रीचा_वारा
देवळीबद्दल कधीच वाचलं नव्हतं. वाचतो.

बोरीबंदर
कोलकात्याचं आलं तर मुंबईचंही येऊ द्या. माझगावला नवाब टँक रोडवर सी यूप कूनचं देऊळ आहे, १९१९ चं. ग्वांगडाँगच्या सी यूप भागातून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी बांधलेलं. डॉकयार्ड रोड स्टेशनहून चालत जाता येतं. बाहेरून साधं घर वाटतं. वरच्या मजल्यावर क्वान कुंग या देवाची मूर्ती, लाल-सोनेरी पडदे, उदबत्त्यांचा धूर. नववर्षाच्या रात्री मुंबईतली चिनी कुटुंबं जमतात. मी एकदा गेलो होतो, एका काकूंनी हातात लाडू ठेवला. चिनी देवळात बुंदीचा लाडू! त्या शुद्ध मुंबई मराठीत म्हणाल्या, 'घ्या हो, प्रसाद आहे.' सह्याद्रीचा_वारा, जमलं तर जाऊन या.

तिरफळ
केस कापण्याचं कोणी लिहिलंच नाही. पहिल्या महिन्यात केस कापले तर मामावर संकट येतं अशी उत्तर चीनमध्ये समजूत आहे. माझ्या भाच्याला आजच न्हाव्याकडे पाठवतो, मुदतीच्या आत.

यांगत्से_काठी
सुचौच्या शेजारी, शांघायला आहे. उशीर झाला, आता लिहितो.

सोनचाफा, मेल कधी जातो ते फार महत्त्वाचं. यंदाची सरकारी सुट्टी १५ ते २३ फेब्रुवारी, आणि बदल्यात १४ व २८ च्या शनिवारी काम. पण १० तारखेपासूनच ऑफिस रिकामं होऊ लागेल. चाळीस दिवसांची 'चुन युन' असते, प्रवासाची गर्दी. स्टेशनांवर माणसं तांदळाची पोती, हॅमच्या तंगड्या, मुलांची खेळणी घेऊन गावी निघालेली दिसतात. माझ्या मजल्यावर सफाई करणाऱ्या ताई आनह्वेइच्या. वर्षातून एकदाच लेकीला भेटतात. डिसेंबरपासून तिच्यासाठी घेतलेला लाल कोट त्यांनी दोनदा उघडून मला दाखवला. तेव्हा मेल ९-१० ला पाठवा, आणि त्यात 'गावी सुखरूप पोचा, घरच्यांना नमस्कार सांगा' हे असू द्या. इथे माणसाच्या मनात त्या आठवड्यात फक्त घर असतं.

'पूर्वसंध्या' म्हणजे 'छू शी', यंदा १६ तारीख. खरा सण तोच. सगळं घर एका टेबलावर. पहिल्या दिवशी झाडू मारत नाहीत, लक्ष्मी बाहेर जाईल म्हणून. दुसऱ्या दिवशी लग्न झालेल्या लेकी नवऱ्याला घेऊन माहेरी. पाचव्या दिवशी पहाटे धनदेवतेच्या स्वागताला फटाके, जिथे परवानगी आहे तिथे. पंधराव्याला कंदील, पौर्णिमा, सण संपला. समोरासमोर शुभेच्छा देताना पुरुष उजवी मूठ डाव्या तळव्याने झाकून छातीपुढे हलवतात. हात उलटे धरले तर ते शोकाचं होतं, एवढं सांभाळायचं.

गोदाकाठ
मला एक भीती विचारायची आहे. भाऊ ओसाकाला असतो, वहिनी जपानी. तिला यंदा बाळ होणार आहे आणि तिची आजी म्हणते, अग्नी-घोड्याचं वर्ष मुलींना वाईट. हे काय आहे?

यांगत्से_काठी
गोदाकाठ, अजिबात भिऊ नका. दहा 'खोडं' आणि बारा 'फांद्या' यांच्या जोड्यांतून साठ वर्षांचं चक्र होतं, आपल्या प्रभव-विभव साठ संवत्सरांसारखं. अग्नी-घोडा त्यातलं एक, मागचं १९६६ ला. त्या सालच्या मुली नवऱ्याला भारी पडतात अशी समजूत जपानमध्ये होती, आणि तिथे १९६५ ला १८ लाखांवर असलेले जन्म १९६६ ला साडेतेरा लाखांच्या आसपास उतरले. पुढच्या वर्षी पुन्हा वर गेले. चीनमध्ये या वर्षाची अशी धास्ती नाही. आणि जपानने १८७३ पासून नववर्षच १ जानेवारीला नेलंय, तेव्हा आजींना प्रेमाने सांगा की पोरगी येणार असेल तर घोड्यासारखी दमदार येईल.

इकडे धास्ती वेगळ्या गोष्टीची. 'ली चुन' म्हणजे वसंतारंभ, ३-४ फेब्रुवारी. ज्या चांद्रवर्षात तो येतच नाही ते लग्नाला वाईट, 'विधवा वर्ष' म्हणतात. २०२४ चं ड्रॅगनवर्ष तसं होतं. आत्ताचं सापाचं वर्ष अधिक महिन्यामुळे ३८४ दिवसांचं, त्यात ली चुन दोनदा, म्हणून लग्नांची झुंबड. कारण निव्वळ गणित.

गोदाकाठ
मनापासून आभार. भावाला पाठवलं.

पोथीनिष्ठ
चीन-भारत पंचांगांची तुलना चाललीच आहे तर एक नाव या धाग्यात यायलाच हवं: गौतम सिद्ध. थांग राजवटीत चांगआनच्या राजदरबारी खगोल खात्यात भारतीय वंशाचं गौतम घराणं होतं, चिनी लिखाणात 'छू-तान'. त्यातल्या गौतम सिद्धांनी इ.स. ७१८ मध्ये 'नवग्रह' या अर्थाच्या नावाचं भारतीय गणितपद्धतीचं पंचांग चिनीत आणलं. त्यात शून्यासाठी बिंदू वापरण्याची रीत सांगितली आहे. दोन्हीकडच्या पंचांगकर्त्यांची ओळख जुनी आहे, आणि ती शाळेच्या पुस्तकात असायला हवी असं मला तळमळीने वाटतं.

सोनचाफा
सगळ्यांचे किती आभार मानू! तीन वेगळे मेल करते आहे, चायनीज-लूनर वाद दूर ठेवून.

सुचौ: 'चुन ज्ये'च्या शुभेच्छा, 'शिन निएन ख्वाय ल', खाली 'मा ताओ छंग कुंग', आणि गावी सुखरूप पोचा. ९ तारखेला.
हाँगकाँग: 'कुंग हेय फात छॉय', पारंपरिक लिपीत.
हनोई: 'चुक मुंग नाम मोय', घोड्याचं चित्र, 'चायनीज' शब्द नाही.

चालेल ना?

हनोईकर_बापट
धावेल. हनोईची लिपी रोमन असली तरी अक्षरांवरच्या खुणा गाळू नका, खूण चुकली की शब्द बदलतो. त्या मुलीने ऱ्हस्व-दीर्घ सांभाळले, आपण खुणा सांभाळू.

काळी_दोन
हाँगकाँगच्या टीममध्ये कोणाच्या घरी दुःख असेल तर त्या व्यक्तीला वेगळी साधी ओळ पाठवा, मावशींनी लिहिलंय तसं. बाकी उत्तम.

अंजन_कांचन
जाता जाता विचारते. त्यांच्या अधिक महिन्यात काही विधी असतात का? आपल्याकडे अधिकात जावयाला तेहतीस अनारसे, चांदीचं भांडं वगैरे वाण देतात. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, आमच्याकडे आतापासून चर्चा सुरू झालीय.

सिंगापूरची_मावशी
असतात ना! माझी तैवानी मैत्रीण अधिक महिना लागला की आईवडिलांकडे डुकराच्या पायाचं सूप आणि बारीक लांब शेवया घेऊन जाते. महिना वाढला म्हणजे आईबापांचं वय वाढलं, म्हणून लग्न झालेल्या लेकींनी त्यांना आयुष्य चिंतायचं. वाण जावयाकडे जात नाही, लेकीकडून आईवडिलांकडे येतं.

अंजन_कांचन
मावशी, हे मी आईला आत्ताच फोन करून सांगितलं. म्हणाली, 'जावईबापूंचे अनारसे मी करीनच, पण शेवयांची खीर घेऊन तू ये.' मी १७ मेच्या रविवारी निघतेय.